जुन्या स्प्लेंडरला कुठलं ऑइल घालायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. २००३ची हिरो होंडा स्प्लेंडर, वडिलांची गाडी, मीटर लाखाच्या पुढं गेलेलं, रोज खानापूर ते बेळगाव जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर. सकाळी चालू करताना थोडा निळा धूर येतो आणि मध्ये ऑइल पण कमी होतंय. मेस्त्री म्हणतोय इंजिन म्हातारं झालं आता २०डब्ल्यू५० घाला, मामा म्हणतायत ट्रॅक्टरचं ऑइल घाल काही होत नाही, आणि दुकानदार फुल सिंथेटिक गळ्यात मारायला बसलाय. मग ऐकायचं कुणाचं? शिवाय काकांच्या जुन्या बुलेट आणि आरएक्स १०० चं पण विचारलंय, ते शेवटी सांगतो.

माझं विचाराल तर तिघांचंही नको. १०डब्ल्यू३०, डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (मोटरसायकलच्या क्लचला चालणाऱ्या ऑइलचा जपानी शिक्का, पुढं सांगतो) लिहिलेलं, साधं मिनरल म्हणजे सिंथेटिक नसलेलं, चांगल्या दुकानातनं घेतलेलं, आणि अडीच-तीन हजार किलोमीटरला बदली. पण हे सगळं दुसऱ्या नंबरला. पहिल्या नंबरला लेव्हल, म्हणजे इंजिनात ऑइल पुरेसं आहे का ते. माझ्या गॅरेजला उद्यमबागेकडं केए-२२च्या गाड्या येतात तशा चंदगडकडच्या एमएच-०९च्या पण येतात, आणि ऑइल चुकीच्या ग्रेडचं होतं म्हणून मेलेलं इंजिन क्वचित बघायला मिळतं, ऑइल नव्हतंच म्हणून मेलेली बघून बघून कंटाळा आलाय. लोक पाच-पाच हजार किलोमीटर ऑइलची काडी (डिपस्टिक) काढून बघत नाहीत आणि मग ब्रँड कुठला चांगला यावर तासभर वाद घालतात.

आता नंबरचं सांगतो कारण तिथंच सगळा घोळ आहे. १०डब्ल्यू३० मधला डब्ल्यू म्हणजे वेट नव्हे, विंटर. पहिला आकडा थंडीत ऑइल कसं वाहतं त्याचा, दुसरा आकडा इंजिन गरम झाल्यावर किती जाड राहतं त्याचा. गुऱ्हाळावर काकवी बघितली असेल की, गरम असताना पाण्यासारखी धार लागते आणि दुसऱ्या दिवशी डब्यात बघितली तर पळी ओढायला लागते, तसंच हे. ऑइलची जाडी १०० डिग्रीला मोजतात, सेंटीस्टोक म्हणून माप आहे, ३० नंबरचं ऑइल ९.३ ते १२.५ च्या मध्ये बसतं, ४० नंबरचं १२.५ ते १६.३, आणि ५० नंबरचं १६.३ ते २१.९. म्हणजे ३० वरनं सरळ ५० वर गेलात तर एक पायरी नाही दोन पायऱ्या चढलात, गरम इंजिनात जवळजवळ पावणेदोनपट जाड ऑइल फिरायला लागलं.

जाड ऑइल म्हणजे जास्त संरक्षण असं वाटतं, पण स्प्लेंडरचा ऑइल पंप छोटा, ऑइलच्या वाटा बारीक, आणि कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, बसलाय वर हेडमध्ये. सकाळी किक मारली की ऑइल खालनं वर चढून रॉकरपर्यंत (कॅमवर चालून व्हॉल्व्ह दाबणारा तुकडा) पोचायला जितका वेळ लागतो तितका वेळ कॅम आणि रॉकर जुन्या चिकटून राहिलेल्या थरावर घासत असतात. ऑइल जितकं जाड तितका तो वेळ वाढतो. आपल्याकडं थंडी काही काश्मीरची नाही, डिसेंबर-जानेवारीत पहाटे दहा-बारा डिग्रीपर्यंत उतरतं, त्यात २०डब्ल्यूचं ऑइल काही गोठत नाही, ते उणे पंधराला पण इंजिन फिरू देतं असंच बनवलेलं असतं, त्यामुळं गाडी चालूच होणार नाही असं मी म्हणत नाही. पण रोज सकाळी खानापुरातनं निघताना दोन मिनिटं पण दम न धरता सरळ गिअर टाकून पळवणारे आपण, त्याला पातळ ऑइलच बरं. शिवाय जाड ऑइलनं आवरेज थोडं घसरतं आणि इंजिन जड वाटतं ते वेगळंच.

मग मेस्त्री २०डब्ल्यू५० का सांगतो? कारण आवाज कमी होतो. जाड ऑइल घातलं की टॅपेटची (व्हॉल्व्हच्या फटीची) कटकट, पिस्टनचा खडखडाट आठ-पंधरा दिवस दबतो, धूर पण जरा कमी दिसतो, गिऱ्हाईक खुश. झीज होती तिथंच आहे. आणि दुसरं एक कारण म्हणजे बजाजनं पल्सरला स्वतःच २०डब्ल्यू५० सांगितलेलं, त्यामुळं गॅरेजमध्ये त्याचे डबे कायम असतात आणि तेच सगळ्या गाड्यांना जातं. पल्सरला ते बरोबरच आहे, तिचा पंप, तिच्या भागांमधल्या फटी त्या हिशोबानं आहेत. स्प्लेंडरला होंडाचं डिझाइन, तिला १०डब्ल्यू३०. यामाहाच्या बऱ्याच गाड्यांना २०डब्ल्यू४०. ज्यानं इंजिन बनवलं त्यानं मॅन्युअलमध्ये लिहिलंय तिथनं सुरुवात करायची, शेजाऱ्याच्या गाडीवरनं नाही.

पायरी चढायचीच नाही असं पण नाही हां. गाडी अथणी-गोकाककडं उन्हाळ्यात, मागं दोन माणसं किंवा दुधाचे कॅन लादून दिवसभर फिरत असेल, इंजिन लाखभर चाललेलं असेल, आणि ऑइल पीत असेल, तर १०डब्ल्यू४० नाहीतर २०डब्ल्यू४० घालून बघायला माझी हरकत नाही. एक पायरी. तुमचा रस्ता खानापूर-बेळगाव, पावसाळ्यात तर गाडी गारच असते, तुम्हाला त्याची गरज नाही.

ट्रॅक्टरच्या ऑइलचं सांगतो, कारण ऊसपट्ट्यात हा प्रकार लई आहे, घरात पाच लिटरचा कॅन पडलेला असतो तोच गाडीत पण ओततात. १५डब्ल्यू४० डिझेल इंजिनचं ऑइल स्प्लेंडरमध्ये घातलं तर उद्या इंजिन बसणार नाही, मामा खोटं बोलत नाहीत. पण मोटरसायकलमध्ये एकच ऑइल तीन कामं करतं, इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच. क्लच ऑइलमध्ये बुडलेला असतो, वेट क्लच म्हणतात तो. क्लच प्लेटी एकमेकीला धरून राहायला पाहिजेत, त्यासाठी ऑइलमध्ये फार गुळगुळीत करणारी केमिकलं नसावी लागतात, आणि तेच जपानची जासो टेस्ट बघते. एमए म्हणजे वेट क्लचला चालतं, एमए२ म्हणजे घर्षण अजून चांगलं, एमए१ त्याच्या खालचं, आणि एमबी म्हणजे घसरडं, ते अॅक्टिव्हासारख्या स्कूटरला, तिथं क्लच ऑइलमध्ये नसतो. ट्रॅक्टरच्या कॅनवर बहुतेक वेळा जासोचा काही उल्लेखच नसतो. उल्लेख असेल तर घाला, नसेल तर शंभर-दीडशे रुपयांसाठी क्लच प्लेटचा खर्च कशाला ओढवून घ्यायचा. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचं आणि ९० नंबरचं गिअर ऑइल तर चुकून पण नको, ते घालून आणलेल्या गाड्या पण बघितल्यात.

घरात अॅक्टिव्हा पण असेल तर एक लक्षात ठेवा. एमएचं ऑइल अॅक्टिव्हात गेलं तर फार काही बिघडत नाही, आवरेज थोडंसं इकडं-तिकडं. उलट केलं, एमबी स्प्लेंडरमध्ये घातलं, तर चोर्ल्याच्या घाटात चढाला अॅक्सिलरेटर दिला की इंजिन ओरडणार आणि गाडी तिथल्या तिथंच. कारचं ऑइल पण तसंच, त्यावर एनर्जी कन्झर्व्हिंग किंवा रिसोर्स कन्झर्व्हिंग असं गोल शिक्क्यात लिहिलेलं दिसलं की बाजूला ठेवायचं.

डब्याच्या पुढच्या बाजूला सिंहाचं, बाईकचं, आगीचं चित्र असतं, ते सोडा. मागच्या बाजूला बारीक अक्षरात तीन गोष्टी असतात, ग्रेड, एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम संस्थेचा दर्जा) आणि जासो. एपीआयमध्ये एसजी, एसजे, एसएल, एसएम, एसएन असं पुढं-पुढं जातं, एसजे नव्वदीतलं, एसएल २००१चं, एसएन २०१०चं. तुमच्या गाडीला एसजे सांगितलेलं असलं तरी एसएल, एसएन चालतं, नवीन अक्षर जुन्या इंजिनाला वाईट नसतं. नवीन ऑइलमध्ये झिंक-फॉस्फरस कमी केलंय म्हणून जुन्या कॅमला धोका अशी एक भीती फिरत असते, ती कारच्या पातळ ऑइलपुरती खरी आहे. जासो एमएवाल्या ऑइलमध्ये फॉस्फरस किमान ०.०८ टक्के असायलाच लागतं, त्यामुळं तो एमएचा शिक्का बघितला की त्या काळजीतनं सुटलात.

फुल सिंथेटिक. दुकानदार सांगतोय ते ऑइल वाईट नाही, चांगलंच आहे, गरमीत टिकतं, लवकर सडत नाही. पण दर दुप्पट-अडीचपट, आणि तुमची गाडी ऑइल पितेय. महागडं ऑइल धुरातनं जाळायचं आणि वरनं टॉप-अपला पण तेच आणायचं, हा हिशोब मला पटत नाही. सिंथेटिकनं ऑइल सील खराब होतात म्हणतात ते तसं नाही. वीस वर्षांचं सील आधीच कडक झालेलं असतं, कडेनं गाळ बसून गळती बंद असते, चांगल्या ऑइलनं गाळ निघाला की ती दिसायला लागते. ऑइलला शिव्या घालून उपयोग नाही, सील बदलायचं. पुढं कधी हाफ इंजिन केलंत, बोअर-पिस्टन नवीन झालं, तर मग सेमी सिंथेटिक १०डब्ल्यू३० घाला खुशाल.

आता मुख्य, तुमचं ऑइल जातंय कुठं ते आधी बघा. धूर फक्त सकाळी पहिल्या किकला भसकन येतो आणि मिनिटभरात जातो तर व्हॉल्व्ह सील गेलेत, रात्रभर ऑइल व्हॉल्व्हच्या गाइडमधनं (व्हॉल्व्ह ज्या नळीत सरकतो ती) खाली उतरून बसतं. हे काम स्वस्तातलं, हेड काढून सील बदलायचे, गाइड सैल असेल तर तो पण. धूर अॅक्सिलरेटर ओढल्यावर, चढाला, मागं माणूस बसल्यावर येतो तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलेंडरचं बोअर झिजलंय. घरी बघायची युक्ती सांगतो. प्लग काढून भोकावर अंगठा दाबून किक मारा, दाब कसा लागतो ते बघा. मग प्लगच्या भोकातनं चमचाभर इंजिन ऑइल आत सोडून दोन-चार किका मारून परत अंगठा ठेवा. दाब एकदम वाढला तर रिंगा झिजल्यात, ऑइलनं तात्पुरती फट बुजवली. काहीच फरक नाही तर व्हॉल्व्हकडं बघा. कुठल्याच ग्रेडचं ऑइल यातलं एक पण काम करून देणार नाही.

लेव्हल बघायची पद्धत पण नीट समजून घ्या, निम्मे लोक चुकीची बघतात. गाडी मेन स्टँडवर, सपाट जागेवर, साइड स्टँडवर बघितली तर खोटं वाचन येतं. तीन-चार मिनिटं चालू ठेवा, बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा म्हणजे वरचं ऑइल खाली उतरतं. काडी काढून स्वच्छ फडक्यानं पुसा, परत घाला पण आटे फिरवायचे नाहीत, नुसती टेकवायची, आणि काढून बघा. वरच्या खुणेच्या जवळ पाहिजे. खालच्या खुणेच्या खाली गेलेलं असताना गाडी बेळगावला नेऊ नका, टॉप-अप करूनच निघा. आणि वरच्या खुणेच्या वर पण भरू नका, जास्त झालेलं ऑइल ब्रीदरच्या नळीतनं एअर फिल्टरमध्ये जातं आणि मग परत धूर, परत गोंधळ. स्प्लेंडरसाठी नऊशे मिलीचा डबा मिळतो, सगळा एकदम ओतायचा नाही, थोडं राखून, काडी बघत बघत घालायचं.

ऑइल कमी पडल्यावर काय होतं ते एकदा हेड कव्हर काढून दाखवलं की गिऱ्हाईक परत कधी लेव्हल विसरत नाही. रॉकरचा जो गुळगुळीत चकचकीत भाग कॅमवर चालतो, तिथली वरची कडक साल उडालेली असते, नख फिरवलं की खड्डा लागतो, आणि समोर कॅमच्या टोकावर तसाच खरवडलेला पट्टा. ती गाडी टॅपेट सेट करून करून मेस्त्री थकतो पण कटकट जात नाही, कारण सेट करायला गुळगुळीत जागाच उरलेली नसते. तुमच्या गाडीला असा आवाज असेल तर ऑइल बदलण्याआधी ते उघडून बघा.

बदली किती किलोमीटरला? कंपनीचं सांगणं सहा हजारला बदली आणि मध्ये तीन हजारला टॉप-अप असं असायचं, ते नवीन इंजिनाला ठीक. या इंजिनात कागदी ऑइल फिल्टर नाही, लक्षात घ्या. एक जाळी आहे आणि क्रँकच्या (इंजिनचा फिरणारा मुख्य दांडा) टोकाला फिरणारा एक रोटर, तो गाळ बाहेर फेकून स्वतःच्या भिंतीला चिकटवून ठेवतो. वर्षानुवर्षं क्लच साइडचं कव्हर न उघडलेल्या गाडीचा रोटर उघडला की आत बोटभर काळा कडक गाळ असतो, स्क्रू ड्रायव्हरनं खरवडून काढायला लागतो. म्हणून जुन्या गाडीला अडीच ते तीन हजार, आणि दोन-तीन बदल्यांनंतर एकदा कव्हर खोलून जाळी-रोटर साफ. गॅस्केट नवीनच घाला.

केरोसीन किंवा डिझेल घालून इंजिन धुवायची सवय काही गॅरेजना आहे, ती तुमच्या गाडीला करू देऊ नका. जुना गाळ एकदम सुटतो आणि जाळी चोंदते, शिवाय थोडं केरोसीन आत राहून नवीन ऑइल पातळ करतं. आतनं फार घाण वाटत असेल तर साधं स्वस्त १०डब्ल्यू३० घालून पाचशे किलोमीटर चालवा, काढा, परत नवीन. बाटलीतल्या ऑइल ट्रीटमेंटच्या औषधांना पैसे घालू नका.

आपल्या भागातली दोन दुखणी वेगळी आहेत. एक पाणी. कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस, किंवा निपाणी-चिकोडीकडं नदी पात्राबाहेर आली की बंधाऱ्यावरनं गाडी घालणारे, २०१९च्या पुरात तर कित्येक गाड्या पूर्ण बुडालेल्या. काडीवर ऑइल दुधाळ, पिवळट फेसासारखं दिसलं तर पाणी गेलंय. बुडालेल्या गाडीला किक मारायची नाही, सेल्फ तर अजिबात नाही, आधी ड्रेन बोल्ट काढून सगळं खाली, मग नवीन ऑइल, पाच मिनिटं चालवून ते पण काढायचं, पांढरेपणा जाईपर्यंत. दुसरं, जुन्या कार्बोरेटरची फ्लोट सुई, म्हणजे भरल्यावर पेट्रोल थांबवणारी सुई. ती बसली नाही आणि रात्री पेट्रोलचा कॉक चालू राहिला तर पेट्रोल सिलेंडरमधनं खाली इंजिनात उतरतं. सकाळी काडी बघितली तर लेव्हल वाढलेली! ऑइल कधी वाढत नसतं, वाढलेलं दिसलं की काडीचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर ते ऑइल ताबडतोब बदला आणि रात्री कॉक बंद करायची सवय लावा.

बदलताना सतरा नंबरचा पाना, ड्रेन बोल्टचा वॉशर नवीन, आणि बोल्ट आवळताना पान्यावर पाय ठेवणारे मेस्त्री असतात त्यांच्यापासनं सांभाळा, केस अॅल्युमिनियमचा, आटे गेले की लेथवाल्याकडं हेलपाटे. इंजिन थोडं गरम असताना काढा म्हणजे गाळ बरोबर येतो. रिकामा डबा तिथंच चिरून टाका, कारण चांगल्या कंपन्यांचे रिकामे डबे भरून परत विकायचा धंदा चालतो, सील बघून, छापील दर बघून, ओळखीच्या दुकानातनंच घ्या, बॅरलमधनं सुटं ऑइल नको. काढलेलं काळं ऑइल वाळवीसाठी चौकटीला लावायचा रिवाज आपल्याकडं घरोघरी आहे, पण ते कातडीला चांगलं नाही आणि विहिरीच्या आसपास सांडलं तर पाणी नासतं, गॅरेजच्या बॅरलमध्ये जमा करा, तिथनं ते शुद्ध करणारे घेऊन जातात.

शेवटी काकांच्या गाड्यांचं. जुनी कास्ट आयर्न बुलेट असेल तर तिला २०डब्ल्यू५०च, आणि तिचं इंजिन, गिअरबॉक्स, क्लच केस तिन्हीकडं ऑइल वेगवेगळं असतं, एका ठिकाणी भरून तिन्हीकडं पोचलं असं समजू नका. ती पंधरा दिवस उभी राहिली की ऑइलच्या टाकीतलं ऑइल पंपातनं झिरपून खाली क्रँककेसमध्ये उतरतं, काडी कोरडी दिसते, लगेच भरू नका, थोडी चालवून मग बघा. आरएक्स १०० टू-स्ट्रोक, तिथं हा सगळा हिशोबच वेगळा, पेट्रोलबरोबर जळणारं टू-टी ऑइल, जासो एफसी किंवा एफडी बघून घ्या, आणि गिअरबॉक्सला वेगळं ऑइल. फोर-टीचं, म्हणजे स्प्लेंडरसारख्या फोर-स्ट्रोकचं, ऑइल पेट्रोलमध्ये घालू नका.

तर तुम्ही आता १०डब्ल्यू३० एमए घाला, वरच्या खुणेपर्यंत, मीटर लिहून ठेवा, पाचशे किलोमीटरनं काडी बघा आणि परत खुणेपर्यंत यायला किती मिली लागलं ते मोजून घाला. माझा अंदाज असा, हजार किलोमीटरला शंभर मिलीच्या आत असेल तर टॉप-अप करत खुशाल चालवा, अडीचशेच्या वर गेलं तर बोअर खोलायची वेळ आली. आकडा सांगा, आणि धूर सकाळीच येतो की तुमच्या वाटेवरच्या चढाला पण येतो ते पण बघून सांगा, मग हेड काढायचं की हाफ इंजिन ते ठरवू.